जाड बाण, केबल आणि दीड सूत जागा

पावसाळा सुरू झाला की बेळगाव परिसरात मोकळ्या मैदानावरचा ५० मीटरचा सराव जवळजवळ थांबतो. त्या काळात आम्ही काही जण पत्र्याच्या एका शेडमध्ये १८ मीटरवर सराव करतो आणि त्यासाठी बारीक बाण बाजूला ठेवून जाड बाण काढतो, कारण जाड बाणाची कड वरच्या गुणांच्या रेषेला लवकर लागते. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमानुसार बाणाच्या नळीचा व्यास ९.३ मिलिमीटरपर्यंत चालतो. मी त्याच मापाचे बाण घेतले होते आणि त्यांवर मैदानी बाणांपेक्षा उंच वेन, म्हणजे मागच्या टोकाजवळची पिसांसारखी पाती, लावले होते. तेव्हापासून माझ्या कंपाउंड धनुष्यावर (टोकांना कॅम, म्हणजे फिरत्या चकत्या, असलेल्या धनुष्यावर) केबल, म्हणजे दोरीखेरीज दोन्ही टोकांना जोडणाऱ्या जादा दोऱ्या, आणि बाण यांच्यामधील जागेचा प्रश्न उभा राहिला. तो कसा सुटला, हे सविस्तर लिहितो. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरच्या ओजस देवतळे यांनी कंपाउंडमधील वैयक्तिक विश्वविजेतेपदे मिळवली आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक स्पर्धेचा समावेश झाला. त्यामुळे आमच्या भागातही हे धनुष्य घेणाऱ्यांची संख्या वाढेल आणि हा प्रश्न अनेकांसमोर येईल, असे मला वाटते.

पहिले लक्षण लक्ष्यावर दिसले. बहुतेक बाण एकत्र लागत आणि मधूनच एखादा, सुटताना काहीही वेगळे जाणवलेले नसताना, बाजूला जाई. वेन नसलेला नुसता बाण मात्र व्यवस्थित जात असे. माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची खूण आहे. नुसता बाण सरळ जात असेल आणि वेन लावलेला बाण लहरीपणाने वागत असेल, तर वेन कुठेतरी घासत असल्याचा संशय आधी घ्यावा. आमच्या प्रशिक्षकांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आधी खूण शोध, मग पाना हातात घे." पुढचे सर्व काम मी याच क्रमाने केले.

खूण शोधण्यासाठी पायांवर फवारायची कोरडी पावडर उत्तम असते. औषधांच्या दुकानात ती फवाऱ्याच्या डब्यात मिळते. साध्या टाल्कम पावडरच्या पावसाळी हवेत गुठळ्या होतात आणि तिचा थर सारखा बसत नाही. वेन, रेस्ट (बाण टेकवायचा आधार), राइजरची (धनुष्याच्या मुठीच्या मधल्या भागाची) आतली बाजू आणि दोन्ही केबल यांवर पातळ थर देऊन मी अगदी जवळून गवताच्या गठ्ठ्यात बाण मारले. उजवीकडच्या खालच्या वेनच्या कडेवरील पावडर पुसली गेली होती आणि केबलवर त्याच उंचीला रेघ उमटली होती. रेस्टवरचा थर जसाच्या तसा होता. खात्रीसाठी वहिनींकडून जुनी लिपस्टिक मागून घेतली आणि वेनच्या कडांना लावली, तेव्हा तिचा रंगही केबलवरच आला. माझा रेस्ट ड्रॉप-अवे, म्हणजे बाण सुटताना खाली पडणाऱ्या प्रकारचा आहे. तो उशिरा खाली पडला तरी वेनला धक्का बसतो आणि लक्ष्यावरची लक्षणे साधारण अशीच दिसतात, म्हणून ही शक्यता आधीच बाजूला काढणे आवश्यक होते.

कंपाउंड धनुष्यात दोरी, कॅम आणि बाण मध्यरेषेत असतात आणि केबललाही तिथूनच जावेसे वाटते. केबल गार्डचा दांडा त्यांना बाजूला ओढून धरतो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याच्या धनुष्यात ही बाजू उजवी असते. दांडा आणखी फिरवला की जागा वाढते, हे खरे आहे, पण ती फुकट मिळत नाही. केबल जितक्या बाजूला ओढल्या जातील तितका राइजर मुठीत वळू पाहतो आणि कॅमही कलतात, त्यामुळे दोरी सरळ पुढे न जाता किंचित तिरकी जाते. म्हणूनच सर्वांत आधी दांडा फिरवण्याचा सल्ला मला मान्य नाही. तो उपाय शेवटी ठेवावा आणि तोही गरजेपुरताच करावा.

त्याऐवजी मी आधी नॉक, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाचा दोरीत अडकणारा खाचेचा तुकडा, फिरवला. नॉक दोरीवर असेपर्यंत वेनची दिशा नॉकच ठरवतो. माझा वेगळ्या रंगाचा वेन वर, म्हणजे घड्याळाच्या १२ च्या जागी असे, त्यामुळे उरलेले दोन ४ आणि ८ च्या जागी येत. नळीची त्रिज्या ४.६५ मिलिमीटर आणि वेनची उंची १० मिलिमीटर धरली, तर ४ च्या जागचा वेन मध्यरेषेपासून उजवीकडे सुमारे १२.७ मिलिमीटर जातो. वेगळ्या रंगाचा वेन केबलच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे ९ च्या जागी आणला, की उरलेले दोन १ आणि ५ च्या जागी जातात आणि उजवीकडचा विस्तार सुमारे ७.३ मिलिमीटर राहतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कारागिरांच्या मापात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सांगायचे तर, एकही स्क्रू न हलवता दीड सुतापेक्षा जास्त जागा मिळते. बाण कायम पातळ पट्टीवर टेकवणाऱ्या रेस्टवर मात्र हा उपाय जपून करावा लागतो, कारण ५ च्या जागचा वेन पट्टीच्या फार जवळून जातो. खाली पडणाऱ्या रेस्टला ती अडचण नाही. सर्व बाणांचे नॉक एकाच खुणेवर आले पाहिजेत, म्हणून प्रत्येक नळीवर कायम शाईच्या पेनाने बारीक रेघ मारली.

पावडर पुन्हा फवारली तेव्हा केबलवरची रेघ जवळजवळ गेली होती. काही बाणांवर पुसट खूण उरली होती. त्या बाणांचे वेन तपासले तर ते चिकटवताना नळीवर किंचित सरकलेले दिसले. ते काढून त्यांच्या जागी कमी उंचीचे वेन लावले आणि नंतर बाकीच्या बाणांनाही तेच लावले. १८ मीटरवर उंच वेन बाणाला लवकर स्थिर करतात हे मान्य आहे, पण केबलला घासणाऱ्या उंच वेनपेक्षा मोकळा जाणारा ठेंगणा वेन मला अधिक भरवशाचा वाटतो.

एवढे झाल्यावर धनुष्य पूर्ण ओढलेल्या स्थितीतही पाहणे आवश्यक होते. दोरी ओढलेली नसताना वेन केबलच्या शेजारी असतात, पण पूर्ण ओढल्यावर वेन मागे चेहऱ्याजवळ येतात आणि केबलच्या शेजारी बाणाची नळी येते. केबल गार्ड लवचीक असेल तर ओढताना केबल मध्याकडे सरकतात, त्यामुळे तेव्हाची जागा आणखी कमी असते. बाण चढवून, लक्ष्यासमोर अगदी जवळ उभे राहून मी धनुष्य ओढले आणि चिकोडीच्या माझ्या जोडीदाराने बाजूने, माझ्या मागे राहून, निरीक्षण केले. "स्वल्प कमी आहे," असे तो त्याच्या कन्नड-मिश्रित मराठीत म्हणाला. नळी केबलला लागत नव्हती, पण मधली फट एका सुतापेक्षा कमी होती. आता दांडा फिरवण्याला कारण होते. मूळ जागी पेन्सिलने खूण करून, स्क्रू सैल करून, तो अगदी थोडा बाहेर वळवला आणि फट दीड सूत झाल्यावर थांबलो.

दांडा हलल्यावर कॅमचा कल बदलतो, म्हणून कॅमच्या सपाट बाजूला एक सरळ बाण टेकवून तो दोरीशी किती समांतर राहतो हे पाहिले. वरचा कॅम किंचित कलला होता. माझ्या धनुष्याची एक केबल वरच्या बाजूला दोन फाट्यांत विभागलेली आहे, त्यामुळे एका फाट्याला पीळ देऊन दुसऱ्याचा तितकाच काढता येतो आणि कॅमची जुळणी बिघडत नाही. हे काम प्रेसशिवाय, म्हणजे धनुष्य दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय, करू नये. लिंबमधील (धनुष्याच्या लवणाऱ्या भुजांमधील) ताण हाताने किंवा जुगाडाने धरण्यासारखा नसतो, म्हणून ते प्रशिक्षकांच्या प्रेसवरच करून घेतले. त्यानंतर कागदातून बाण मारून, तो सरळ जातो का हे कागदाच्या फाटीवरून पाहिले आणि रेस्ट केसभर सरकवला.

पावसाळा संपून बारीक बाण पुन्हा काढले तेव्हा दांडा पेन्सिलच्या जुन्या खुणेवर परत नेला, कारण त्या बाणांना एवढी जागा लागत नाही. वेगळ्या रंगाचा वेन मात्र त्यांच्यावरही ९ च्या जागीच ठेवला आहे. नव्या केबल सुरुवातीला थोड्या ताणल्या जातात, तेव्हा त्या बसवल्यावर पहिल्या काही सरावांनंतर पावडरची चाचणी पुन्हा करतो.