डोंगर नाही, मग बारा महिने हिंडता कुठं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "सोलापूर म्हणजे ऊन अन् धूळ, तिथं वर्षभर बाहेर पडण्यासारखं काय आहे?" पुण्याकडच्यांचा हा ठरलेला प्रश्न. आहे की! महिना बघून ठिकाण ठरवायचं आणि ऊन बघून वेळ.

पावसाळ्यात काळ्या रानात सायकल घालू नका. चिखल चाक आणि मडगार्डमध्ये गच्च बसतो, चाक अडतं. ढकलाल तसा आणखी भरतो. सायकल उचलून मुरमावर न्यायची आणि काडीनं खरवडायचं. बाटलीभर पाणी ओतून काही होत नाही, उलट चिकटा वाढतो. त्यापेक्षा या दिवसांत तुळजापूर, धाराशिव करत येडशी गाठा. तिथलं, बालाघाटातलं रामलिंगचं रान पानझडीचं, त्यामुळं त्याची खरी मजा जुलै ते सप्टेंबर. मार्चात नुसते खराटे. ओढ्यातल्या दगडांवर शेवाळ असतं, गुळगुळीत तळाची चप्पल नको. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या वाहून यायला लागल्या, की वर पाऊस झालाय असं समजून लगेच काठावर या. आणि पिशवीची चेन लावलेली बरी, देवळापाशी माकडं आहेत.

पाऊस सरला की सराटा, म्हणजे जमिनीवर पसरणारं काटेरी गोखरू, वाळतो. सायकलवाल्यांचा खरा वैरी हाच. पंक्चर झालं की नुसती ट्यूब बदलून निघू नका. टायर उलटा करून आतून फडकं फिरवा. जिथं अडकेल तिथं काटा. बोट फिरवलंत तर रक्त निघेल. बाहेरून काटा मोडलेला असतो, टोक रबरातच राहतं आणि नव्या ट्यूबचीही हवा पाच मिनिटांत जाते. चिमटा जवळ ठेवाच.

थंडीत सोलापूरजवळचं नान्नज. 1979 सालचं हे अभयारण्य माळढोक पक्ष्यासाठी झालं, पण माळढोक दिसेल या आशेनं जाल तर हिरमोड होईल. काळवीट मात्र आहेत. वनखात्याची परवानगी घ्या, वाट सोडू नका. चरणाऱ्या कळपानं माना वर केल्या की तिथंच थांबा. आणखी एक पाऊल टाकलंत की कळप उधळला. संध्याकाळी भोवत्या हे शिकारी पक्षी गवताला लागून, अगदी खाली घिरट्या घालतात. ते रात्री जमिनीवरच बसतात, म्हणून अंधारात गवत तुडवू नये. येताना कुणाच्या शेतात हुरड्याचं बोलावणं असेल तर पुढचा बेत रद्द करायला हरकत नाही.

एप्रिल-मेमध्ये उजाडताना हिप्परग्याच्या तलावाकडं निघा आणि नऊच्या आत घरात या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या, उन्हात विटत नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, की सावलीत बसा, मान-काखा ओल्या करा. चक्कर आली किंवा बोलणं बरळल्यासारखं झालं तर थेट दवाखाना.