भेंडीच्या ओळीतले आलू

सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याची परसबाग मी सांभाळतो. तिथले आलू फेब्रुवारीतच निघाले होते. वाफे परत एकदा चाळा म्हटलं, तर मजूर म्हणाला, "भाऊ, ह्या गोट्या कोन खाईन?" रोजानं आलेला माणूस गोट्या वेचत बसत नाही, आणि मालकांचं लक्ष फक्त मोठ्या आलूंवर. एप्रिलमध्ये भेंडीला पाणी सुरू झालं, वर हिरवी जाळी होतीच, आणि ओळीच्या मधोमध आलूची झाडं उभी राहिली.

मालकीणकाकू एकदम खूश. "न लावता पीक आलं!" म्हणून शेजारणींनाही दाखवून झालं.

मी पानं उलटी करून पाहिली. शेंडा आत वळलेला, पानांच्या कडा पिवळट, हात लागला की पांढरी माशी उडायची. दहा हातांवर टमाटर आणि मिरची! हीच माशी पानं मुरडणारा रोग या झाडावरून त्या झाडावर नेते. आणि आलू पोसायला गारवा लागतो, साधारण 18 ते 20 अंश. माती तिशीच्या वर तापली की झाड नुसता पाला वाढवतं. आपल्याकडे एप्रिलात पारा चाळिशीपार असतो.

पाला उपटला तर आठवड्यात परत फुटतो, खालचा आलूच काढावा लागतो. काळी माती वाळली की दगड, ओली असली की चिखल. म्हणून आदल्या संध्याकाळी हलकं पाणी दिलं. सकाळी बुंध्यापासून वीतभर लांब सब्बल घातली, ढेकूळ उचललं आणि हातानंच फोडलं. खुरपं लावलं असतं तर आलूचे तुकडे झाले असते, आणि डोळा असलेला तुकडाही उगवतो. आत जुना आलू पिचपिचीत, सालीची नुसती पिशवी. पांढऱ्या दोऱ्यांच्या टोकाला वाटाण्याएवढे दाणे. वर आलेले दोन-चार उन्हानं हिरवे पडलेले. ते कामवालीनं भाजीसाठी उचलले होते, मी परत घेतले. हिरवा आलू कडू, आणि पोटालाही वाईट.

काकू बोलल्या नाहीत, पण चहाही आला नाही. कृषी पदवीचा कागद भिंतीवर टांगून काय फायदा, मालकिणीच्या आनंदापुढे तो चालत नाही.

परवा गेलो तर गच्चीवरच्या कुंडीत एक झाड. माझ्या ढिगातूनच उचललेलं, शेंडा तसाच वळलेला. "याला तरी हात लावू नका हं," काकू म्हणाल्या. मी कुंडीशेजारी पिवळा चिकट सापळा टांगून आलो. टमाटरला अजून महिनाभर फळं आहेत.