पिची: शेवगा नको, सोऱ्या नको

शिरवाळ्यांना शेवगा (दाबायचा लाकडी साचा) लागतो, शेवेला सोऱ्या. पिची या इटालियन पास्त्याला दोन तळवे पुरतात. इटलीच्या तोस्काना प्रांतातल्या मोंतेपुल्चानो, मोंतालचीनो, पिएन्झा या टेकडीवरच्या जुन्या गावांत खानावळीच्या फळ्यावर हे नाव दिसलं की बिनधास्त मागवावं. स्पॅगेटीहून जाड, हातानं वळलेली, एक दुसरीसारखी नाही. अंडं सहसा नसतं. पण फळ्यावरचं ‘चिंगियाले’ म्हणजे रानडुक्कर, आणि पेकोरीनो चीज बहुधा जनावराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनं विरजलेलं, हे शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं. दुपारी अडीचनंतर बहुतेक चुली बंद. बिलातला ‘कोपेर्तो’ म्हणजे टेबलाचे माणशी पैसे. कोणी फसवत नाहीये. पाव अळणीच असतो.

घरी चौघांसाठी: 400 ग्रॅम मैदा, 200 मिली कोमट पाणी, एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल, अर्धा चमचा मीठ. पावसाळ्यात रत्नागिरी-मालवणकडे पिठानं आधीच ओल धरलेली असते, म्हणून 180 मिलीपासून सुरुवात करा. पुरीच्या कणकेइतकं घट्ट हवं. दहा मिनिटं मळा, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा.

सेंटिमीटरभर जाड लाटून तेवढ्याच रुंद पट्ट्या कापा. आता पोळपाटावर पीठ भुरभुरू नका. सगळे इथंच चुकतात: कोरड्या पिठावर पट्टी घसरते, वळत नाही. उलट पाटावरून ओला हात फिरवा आणि मधून टोकांकडे वळत जा. जाडी 3-4 मिलिमीटर. उकळताना आणखी फुगते. वळलेली पिची लगेच बारीक रव्यात घोळवा. वाळत घालायचा मोह नको, आपल्या दमट हवेत ती वाळण्याआधी एकमेकींना चिकटते.

वर ‘ब्रिचोले’, म्हणजे तेलात परतलेला शिळ्या पावाचा चुरा. चीज न परवडणाऱ्यांचं चीज. चार शिळे पाव हातानं चुरून, पाच-सहा चमचे ऑलिव्ह तेलात मंद आचेवर कुरकुरीत करून बाजूला काढा. खोबरेल वापरलंत तर दुसरी कसली चवच लागणार नाही. त्याच कढईत आणखी थोडं तेल, दोन ठेचलेल्या लसूणपाकळ्या, एक सुकी मिरची. लसूण तांबूस झाला की काढा. करपला तर सगळं कडू.

पिची 4-5 मिनिटं उकळा. एक तोडून बघा, मधे पांढरा ठिपका नको. आपला पाव खारा, म्हणून उकळायच्या पाण्यात मीठ हात राखून. कढईत पिची आणि अर्धी वाटी तेच पाणी घालून हलवा. चुरा ताटात वाढल्यावरच घाला, कढईत घातला की लगदा होतो.