चार्मथची हाडं आणि वरळीचे बेडूक

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चार्मथला वाळूत सुटं पडलेलं इक्थिओसॉरचं, म्हणजे डायनासोरांच्या काळातल्या समुद्री सरीसृपाचं हाड कुणीही उचलून घरी न्यावं, याला रीतसर मुभा आहे! कड्याला हातोडा लावायचा नाही, दुर्मीळ काही सापडलं तर नोंद करायची आणि विकायचं झालं तर आधी म्युझियमला विचारायचं, एवढंच. आपल्याकडे अशी मुभा दिली तर दुसऱ्या दिवशी कड्याखाली जेसीबी उभा राहील. पण चार्मथचा हिशेब सरळ आहे. वादळात कडा ढासळतो आणि खाली आलेलं हाड कुणी उचललं नाही तर लाटा ते झिजवून टाकतात. शेजारच्याच लाइम रीजिसला जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगला १८२३ मध्ये प्लेसिओसॉरचा, म्हणजे लांब मानेच्या समुद्री सरीसृपाचा सांगाडा मिळाला होता.

इक्थिओसॉरचा मणका कॅरमच्या सोंगटीसारखा, फक्त दोन्ही बाजूंनी खोलगट. प्लेसिओसॉरचा जवळजवळ सपाट आणि खालून दोन बारीक भोकं असलेला.

मुंबईच्या शोकेससाठी असं हाड मागवणाऱ्यांनी मात्र ऐका. आधी गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहून मीठ काढायचं, मग सावलीत सावकाश वाळवायचं. भेगा असतील तर ॲसिटोनमध्ये ५ टक्के पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक रेझिन विरघळवून ब्रशने मुरवायचं. एवढं करूनही पावसाळ्यात भुगा होऊ शकतो, कारण हाडात पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज असतं. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की त्याचं ऑक्सिडेशन होतं, सल्फ्युरिक ॲसिड सुटतं, पिवळट पावडर धरते आणि गंधकाचा वास येतो. वार्निश फासून बाष्प अडत नाही. हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच, आणि आतली आर्द्रता ४५ टक्क्यांखाली.

फिरता फिरता हाड मिळतं याचं चार्मथला भारी कौतुक. आपल्या दख्खनला जीवाश्मांसाठी बेसॉल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या दोन थरांमधला चिखल उपसावा लागतो. तो कडकडीत वाळवायचा, रॉकेलमध्ये भिजवायचा, रॉकेल ओतून टाकून पाणी घालायचं, की आपोआप फुटतो. वाळवणीत ओल राहिली तर ढेकळं तशीच राहतात. मग अर्ध्या मिलिमीटरची चाळण आणि मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशने एकेक दात वेचणं. तेलंगणातल्या नास्कलचा डेक्कनोलेस्टिस हा चिचुंद्रीएवढा सस्तन प्राणी १९८८ मध्ये जगासमोर आला, तो मिलिमीटरभराच्या दातांवरून. चार्मथच्या पर्यटकाने हे करून दाखवावं!

नोंदीची पद्धत मात्र आपण उचलावीच. मुंबईच्या काळ्या शेलमधल्या (थराथरांच्या चिखलाच्या खडकातल्या) बेडकाच्या जीवाश्माचं वर्णन इंग्लिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने १८४७ मध्येच केलं होतं. आज वरळीत टॉवरच्या पायात तसला काळा शेल निघाला, तर तो डंपरमध्ये भरण्याआधी फोन कुणाला करायचा, हे साइटवरच्या इंजिनिअरला कोण सांगणार?