पावणेचार वाजता

सोमवार, रात्र

मुलं झोपली आहेत. आजचं आजच लिहून ठेवते. चार दिवसांनी हे सगळं अंगवळणी पडेल आणि मग जसं झालं तसं लिहिता येणार नाही.

दुपारी पावणेचारला मी खुर्चीतून उठले, पर्स खांद्याला अडकवली, कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून थेट दारापर्यंत गेले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, निघालात?" तेव्हा भानावर आले. पावणेचार म्हणजे शाळा सुटायची वेळ. आधी लेक, मग धाकटा, गेली सहा-सात वर्षं या वेळेला मी शाळेच्या दाराशी उभी असायचे. आज तिथे त्यांचे बाबा असणार होते. तसं ठरलेलं होतं, मागच्या आठवड्यात दोनदा तसं करूनही पाहिलं होतं. तरी पाय निघाले. मी परत येऊन बसले आणि पुढची दहा मिनिटं स्क्रीनवरचा एक आकडाही डोक्यात शिरला नाही.

२०१४ च्या डिसेंबरमध्ये मी अकाउंट्समधली नोकरी सोडली. आता परत रुजू झाले ती तेव्हाच्या पदाच्या दोन पायऱ्या खाली. याचं वाईट वाटतं, आणि ते निदान इथे तरी लपवणार नाही.

मंगळवार

साहेबांनी भाडेपट्ट्यांचं शेड्यूल दिलं. वयानं माझ्याहून बरेच लहान आहेत, पण समजावून सांगायला कंटाळत नाहीत. मी काम सोडलं तेव्हा जागेचं साधं भाडं ही सरळ गोष्ट होती. महिन्याचा खर्च नफा-तोटा पत्रकात जायचा आणि पुढच्या वर्षांची देणी ताळेबंदाच्या मागे टिपांमध्ये लिहायची. १ जानेवारी २०१९ पासून आयएफआरएस १६ हे भाडेपट्ट्यांच्या हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक लागू झालं आणि हे उलटंपालटं झालं. आता भाडेकरू कंपनीनं पुढच्या सगळ्या हप्त्यांचं आजचं मूल्य काढायचं, ते देणं म्हणून ताळेबंदात दाखवायचं आणि समोर जागा वापरण्याचा हक्क मालमत्ता म्हणून मांडायचा. सुटका फक्त बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या करारांना आणि किरकोळ किमतीच्या वस्तूंना.

महिनाभर रात्री बसून हे वाचलं होतं. तरी पहिली एन्ट्री करताना हात थरथरला. नावे आणि जमा दोन्हीकडची बेरीज जुळली तेव्हा डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत मी सगळं विसरले असेन ही भीती होती. विसरले नव्हते. नियम बदलले होते आणि बदललेले नियम वाचता येतात. हे मला कुणी दोन वर्षं आधी सांगितलं असतं तर मी दोन वर्षं आधी अर्ज केला असता.

एक्सेलचंही तेच. तक्त्यातून हवी ती नोंद शोधून आणायला मी व्हीलूकअप हे जुनं सूत्र लिहीत होते, म्हणून त्या शेजारच्या मुलीनं नवं एक्सलूकअप दाखवलं. हे २०१९ मध्ये आलं म्हणे. शोधायचा रकाना डावीकडेच असला पाहिजे ही जुनी कटकट त्यात नाही. पाच मिनिटांत जमलं.

बुधवार

खूप दमले आहे. पाय दुखतात. आज एवढंच.

गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी सहज विचारलं, "मधली दहा वर्षं काय करत होतात?" आणि माझ्या तोंडून गेलं, "काही नाही, घरीच होते."

संध्याकाळभर ते वाक्य टोचत राहिलं. मुलाखतीतही मी हेच म्हणाले होते, शब्दन् शब्द. त्याच्या आधी कितीतरी अर्जांना साधं उत्तरसुद्धा आलं नाही, तेव्हा मी त्या न पाहिलेल्या माणसांवर रागावले होते. राग अनाठायी नव्हता. अमेरिकेत २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बनावट अर्ज पाठवून पाहिले होते. नोकरीत असलेल्या आयांपैकी साधारण १५ टक्के जणींना बोलावणं आलं, नोकरी गेलेल्यांपैकी जवळजवळ १० टक्के जणींना, आणि मुलांसाठी स्वतःहून घरी राहिलेल्यांपैकी फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. खंड दोघींच्या कामात होता. पण जिनं घरी राहणं निवडलं, तिचं कामात मन नाही असं धरलं गेलं. ते वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले होते.

पण "काही नाही" हे तर माझं मीच म्हणते आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या छत्राखाली भरलेल्या संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेनं २०१३ मध्ये कामाची व्याख्या ठरवली. दुसऱ्याच्या किंवा स्वतःच्या वापरासाठी वस्तू वा सेवा निर्माण करणारी कुठलीही कृती म्हणजे काम, मग त्याचा मोबदला मिळो न मिळो. म्हणजे मी घरी बसायच्या एक वर्ष आधीच हे कागदावर आलं होतं. जीडीपीच्या हिशेबात मात्र घरच्यांनी घरच्यांसाठी विनामोबदला केलेली सेवा आजही धरत नाहीत. हिशेबाच्या माणसाला हा फरक लगेच कळतो. टिपांमध्ये आहे, ताळेबंदात नाही.

घर चालवणं म्हणजे मोठं मॅनेजमेंटच, असं म्हणून बायकांचं कौतुक करतात, तेही मला पटत नाही. धाकटा दीड वर्षाचा असताना अकरा रात्री मी त्याला उभा धरून बसले होते, कारण आडवं केलं की त्याचा श्वास घरघरायचा. ते टाइम मॅनेजमेंट नव्हतं. त्याला ऑफिसच्या भाषेतलं नाव दिलं की ते लहान होतं. ते होतं तेच होतं, आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी केलं नसतं.

आता कुणी विचारलं तर सांगेन, "दोन मुलं वाढवत होते." पुढे काही जोडणार नाही. आत्ता खोलीत एकटीच मोठ्यानं म्हणून पाहिलं.

शुक्रवार

आज एक गोष्ट घडली.

शेड्यूलमध्ये एका गोदामाचा करार बारा महिन्यांचा म्हणून सवलतीत टाकला होता, म्हणजे ताळेबंदाबाहेर. मी मूळ करार मागवला. पूर्वीपासूनची सवय आहे, करार शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. शेवटून दुसऱ्या पानावर मुदतवाढीचं कलम होतं, सलग तीन वर्षं वाढवण्याचा हक्क कंपनीला. आणि गोदामात नुकताच मोठा खर्च करून रॅक बसवले आहेत. म्हणजे मुदत वाढवणार हे जवळपास नक्की, आणि मग तो करार बारा महिन्यांचा राहत नाही. साहेबांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, हे सुटलं होतं आमच्याकडून. बाकीचेही करार तुम्हीच बघा."

त्या करारांत असे बुडाले की मान वर केली तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पावणेचार कधी होऊन गेले, कळलंच नाही. पोटात काहीतरी हललं. आनंद होता आणि त्याला लागूनच दुसरं काहीतरी, ज्याला मी अजून नाव देऊ शकत नाही.

घरी आले तर लेक अभ्यासाला बसली होती, मान वर न करता म्हणाली, "आई, तुझा चहा झाकून ठेवलाय." धाकटा धावत आला. बाबा त्याला दुसऱ्या रस्त्यानं आणतात, मागच्या गल्लीतून. तिथे एक कुत्रा आहे आणि पाच दिवसांत तो ह्याला ओळखायला लागला आहे, दप्तराचा वास घेतो, कोपऱ्यापर्यंत सोडायला येतो. सगळं एका दमात सांगून झालं. ती गल्ली मी कधी पाहिलेली नाही.

त्याला जवळ घेतलं आणि विचारलं, कुत्र्याचा रंग कसा आहे.