सगळे रिपोर्ट नॉर्मल

अंग दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा सांधेदुखीच्या प्रोफाइलमधल्या रक्ताच्या त्याच चार टेस्ट असतात: आरए फॅक्टर, सीआरपी, युरिक ॲसिड, एएसओ. एएसओ ही घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गाची खूण. पंचेचाळिशीच्या बाईच्या आखडलेल्या बोटांशी तिचा काय संबंध, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. पण प्रोफाइलमध्ये आहे म्हणून करायची. चारही नॉर्मल आले की नातेवाईक पेशंटपेक्षा जास्त खूश होतात.

मी कोल्हापुरातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन. हुपरीच्या एक वहिनी आमच्याकडून अशाच नॉर्मल रिपोर्ट घेऊन जाणाऱ्या. घरी बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडतात, घुंगरं लावतात. बारीक काम, मजुरी कामावर. रक्त घेताना एकदा म्हणाल्या, "ताई, सकाळी बोटं मिटतच न्हाईत बघा. चिमटा हातात धरायला दहा वाजत्यात. घरातली म्हणत्यात, रिपोर्ट तर चांगलं आल्यात, मग तुझं दुखतंय तरी कुठं?" हे त्यांनी हसत सांगितलं. नवरा बाजूलाच उभा होता, तोही हसला.

कोल्हापुरात लॅब गल्लोगल्ली आहेत आणि हल्ली सगळ्यांच्या दारावर फुल बॉडी पॅकेजचे फलक. साठ-सत्तर टेस्ट, तेवढ्या पैशात कडकनाथही येत नाही. या सत्तरमध्ये एक गोष्ट नसते: माणसाने डोळ्यांनी पाहिलेली रक्ताची स्लाइड. सेल काउंटर मिनिटात सगळे आकडे देतो, मग स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर, कोण काढत बसणार? आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा मात्र नियम आहे: हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेलं की स्लाइड काढायची. नवीन पोरं कुरकुरतात. मला स्वतःला स्मिअर काढायला आवडतं, आणि माझं चांगलं येतं, हे सांगायला मला संकोच नाही.

त्या दिवशी वहिनींचं हिमोग्लोबिन 10.4 होतं. लेशमन स्टेन करून स्लाइड लावली. तांबड्या पेशी सुट्या सुट्या पसरायला हव्यात, त्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक चढून बसल्या होत्या. याला रूलो म्हणतात. स्मिअरच्या जाड भागात कुणाच्याही रक्तात असं दिसतं, त्यामुळे तिथं बघून काही ठरवायचं नसतं. शेपटीच्या, म्हणजे थराच्या पातळ टोकाच्या, थोडं अलीकडे, जिथं पेशी जेमतेम एकमेकींना टेकतात, तिथं बघायचं. तिथंही चळती होत्या. मग रक्तात थोडं सलाइन मिसळून पाहिलं. पेशी खरोखर एकमेकींना चिकटल्या असतील तर गठ्ठे तसेच राहतात, रूलो असेल तर सुटतात. सुटल्या.

रूलो दिसलं की रक्तात ग्लोब्युलिन वाढलंय का ते बघावं लागतं. ग्लोब्युलिन हे रक्तातलं प्रोटीन, अँटिबॉडी त्यातच मोडतात. चिठ्ठीवर नसताना मॅडमनी प्रोटीन लावायला सांगितलं. टोटल प्रोटीन 9.1, अल्ब्युमिन 3.6. म्हणजे ग्लोब्युलिन साडेपाच. अल्ब्युमिन जास्त आणि ग्लोब्युलिन कमी असायला हवं, इथं उलटं.

आता ईएसआर. उभ्या नळीत रक्त तासभर ठेवायचं आणि तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं. नळी जरा तिरकी झाली तरी आकडा वाढतो. वहिनींचा आला 82. बायकांसाठी आमची वरची मर्यादा 20. सीआरपी मात्र 3, अगदी नॉर्मल. लोकांना वाटतं दोन्ही सूजेच्याच टेस्ट, मग एक तरी चुकली असणार. तसं नाही. सीआरपी लिव्हर बनवतं. ईएसआर ग्लोब्युलिन वाढलं तरी वर जातो, कारण चळत झालेल्या पेशी जड होऊन लवकर खाली बसतात. शरीर स्वतःविरुद्धच अँटिबॉडी बनवत बसतं अशा काही आजारांत ही जोडी अशीच फारकत घेते.

मी जुने रिपोर्ट काढायला बसले आणि डोकं फिरलं. सॉफ्टवेअर मागचे आकडे आपोआप दाखवतं, पण नाव आणि मोबाइल नंबर दोन्ही जुळले तरच. या बाईंची नोंद कधी नवऱ्याच्या नंबरवर, कधी मुलाच्या. आडनावाचं स्पेलिंग काउंटरवरच्या पोराच्या मर्जीवर. यंत्राच्या हिशेबी त्या चार वेगळ्या बायका होत्या. मी कागदावर तारखा लावून ईएसआर एकाखाली एक लिहिले: 44, 58, 71, 82. दोन वर्षांत. प्रत्येक चिठ्ठी वेगळ्या डॉक्टरांची, प्रत्येकाला एकच आकडा दिसलेला, आणि तो "रक्त कमी आहे, म्हणून" यात बसून गेलेला. रक्त कमी असलं की ईएसआर वाढतो हे खरंच आहे. इतका नाही.

मॅडमनी चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून ऐकू आलं ते असं: "अहो, पाळी जायचं वय आहे. चिकुनगुनियाही होऊन गेलेला असेल." मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, तरी इलेक्ट्रोफोरेसिस करू या." म्हणजे विजेच्या प्रवाहानं रक्तातली प्रोटीनं वेगवेगळी करून बघायची. त्यात अरुंद, टोकदार पट्टा आला असता तर रक्ताच्या कॅन्सरची शंका धरावी लागली असती. आला तो रुंद, पसरट उंचवटा. तेवढ्यापुरतं हायसं वाटलं.

रिपोर्ट न्यायला वहिनी आल्या तेव्हा मॅडम स्वतः काउंटरवर आल्या. "तोंड कोरडं पडतं का? डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं?" आमच्याकडे बसल्या की त्या पाण्याची बाटली रिकामी करायच्या. सॅम्पल घेणारा पोरगा त्यावरून त्यांना शुगरची भीती घालायचा, आणि शुगर दर वेळी चांगली यायची. वहिनी म्हणाल्या, "भाकरी घशाखाली उतरतच न्हाई. आमटीत कुस्करून खाते. पण ते काय दुखणं हाय व्हय सांगायचं?" कुणी विचारलंच नव्हतं. सांध्यांच्या चिठ्ठीवर थुंकी कोण विचारणार?

मग एएनए झाली, म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधायची टेस्ट. स्लाइडवर वाढवलेल्या पेशी, त्यावर पातळ केलेला सीरम, धुवायचं, चमकणारं रसायन घालायचं, पुन्हा धुवायचं, आणि अंधाऱ्या खोलीत बघायचं. हिरवे ठिपके, 1:320 पर्यंत टिकलेले. निरोगी माणसांतही एएनए कधी कधी पॉझिटिव्ह येते, पण इतकं पातळ करून उरली तर दखल घ्यावी लागते. पुढच्या, पट्टीवरच्या टेस्टसाठी सॅम्पल मुंबईला गेलं. एसएस-ए आणि एसएस-बी, या आजारात सापडणाऱ्या दोन्ही अँटिबॉडी उमटल्या. मॅडमच्या मते शोग्रेन. 1933 साली स्वीडनच्या हेन्रिक शोग्रेन या डोळ्यांच्या डॉक्टरनं, डोळे सुकलेल्या आणि सांधे दुखणाऱ्या बायकांवर प्रबंध लिहिला होता, त्याच्या नावाचा आजार.

शोग्रेन हे अजून निदान नाही. रुमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे सांध्यांच्या आणि अशा आजारांच्या डॉक्टरांनी, डोळे किती कोरडे आहेत ते बघायला डोळ्याच्या पापणीत कागदाची पट्टी लावून बघितली, पाच मिनिटांत 3 मिलिमीटर भिजली. आता खालच्या ओठातून लाळग्रंथीचा तुकडा घ्यायचाय. वहिनींनी तो दिवाळीनंतर ठेवलाय, ऑर्डरी आहेत म्हणून. नवरा हल्ली हसत नाही. मला हळूच विचारतो, "ताई, म्हंजे हिला नक्की झालंय तरी काय?" मी म्हणते, डॉक्टर सांगतील. टेक्निशियननं एवढंच म्हणायचं असतं.

सॉफ्टवेअरवाल्याला मी फोन केला. एकाच पेशंटच्या चार नोंदी जोडता येतात का, विचारलं. म्हणाला, येतात की मॅडम, पण ती सोय वरच्या पॅकेजमध्ये आहे.