तुम्ही विचारलंत म्हणून : मार्टिन लाउअरचे सुवर्ण

अडथळ्यांच्या शर्यतींविषयी लिहिताना-बोलताना मी मार्टिन लाउअरचे नाव वारंवार घेतो, आणि दर वेळी कोणीतरी विचारतेच, की ११० मीटर अडथळ्यांत ज्याला ऑलिंपिकमध्ये कधी पदक मिळाले नाही आणि ज्याचे एकुलते एक ऑलिंपिक सुवर्ण अमेरिकेचा रिले संघ बाद ठरल्यामुळे पदरात पडले, त्या जर्मन धावपटूचे एवढे कौतुक कशासाठी? विचारण्यात कुत्सितपणा असतोच असे नाही. पण उत्तर दोन वाक्यांत हवे असते, आणि दोन वाक्यांतले उत्तर माझे मलाच पटत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

७ जुलै १९५९ रोजी झ्युरिकमध्ये लाउअरने ११० मीटर अडथळे १३.२ सेकंदांत पार करून जॅक डेव्हिसचा १३.४चा विक्रम मोडला आणि त्याच संध्याकाळी २०० मीटर अडथळ्यांतही २२.५ सेकंदांचा विश्वविक्रम केला. १३.२ची बरोबरी पुढे अनेकांनी केली, पण ११० मीटरवर त्याहून कमी वेळ विश्वविक्रम म्हणून नोंदली जायला १९७३ साल उजाडले. जाणकार इथे लगेच अडवतात, की ही वेळ हाताने दाबायच्या घड्याळाची, विद्युत यंत्रावर तीच धाव १३.५६ भरली होती. मान्य. मात्र डेव्हिसची वेळही हाताच्याच घड्याळाची होती आणि अमेरिकेच्या ली कॅलहूनने २१ ऑगस्ट १९६० रोजी बर्नमध्ये केलेली बरोबरीही; तेव्हा माप सर्वांना एकच लावावे, इतकेच माझे मागणे आहे. १०६.७ सेंटिमीटर उंचीचे दहा अडथळे, दोन अडथळ्यांमध्ये ९.१४ मीटर अंतर आणि त्यात बसवायची नेमकी तीन पावले, हे मी स्वतः तरुणपणी करून पाहिले आहे. पाऊल किंचित लांबले तर अडथळा पायाशी येतो, आखडले तर तो दूर राहतो, आणि कोणत्याही परिस्थितीत वेग मोडतो. या शर्यतीत एका मोसमात जगातल्या सर्वांच्या पुढे असणे ही गोष्ट लहान नाही.

राहिला रोम ऑलिंपिकचा प्रश्न. ५ सप्टेंबर १९६०च्या अंतिम शर्यतीत कॅलहून, विली मे आणि हेज जोन्स हे तीन अमेरिकी पहिले तीन आले आणि लाउअर चौथा. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्येही, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो चौथाच आला होता. रोममध्ये हाताच्या घड्याळाने जोन्स आणि लाउअर या दोघांनाही १४.० दिले, विद्युत यंत्राने जोन्सला १४.१७ आणि लाउअरला १४.२०. हा फरक मी अनेक वर्षे त्याच्या बचावासाठी वापरला. पण खरे सांगायचे तर लाउअरला आडवा आलेला आकडा हा नव्हेच. तो झ्युरिकपेक्षा सहा दशांश सेकंदांहूनही सावकाश धावला, आणि झ्युरिकच्या आसपासची धाव त्या दिवशी जमली असती तर जोन्सचा प्रश्नच उरला नसता.

दुसऱ्याच दिवशी, त्याच मैदानावर, मिल्खासिंग ४०० मीटरमध्ये चौथे आले. त्या शर्यतीत लाउअरचाच सहकारी कार्ल काउफमन दुसरा होता, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते. मिल्खासिंगांचा चौथा क्रमांक आपण जपून ठेवला आहे, १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला एक शतांश सेकंदाने हुकलेले पी. टी. उषांचे पदकही आपण हळहळून सांगतो, आणि त्यांच्या थोरवीचा पुरावा कोणी मागत नाही. मग लाउअरकडेच का मागतात? मला वाटते, त्याचा चौथा क्रमांक एकटा राहिला नाही म्हणून. तीन दिवसांनी त्याच्या गळ्यात सुवर्णपदक पडले, आणि त्यामुळे त्याच्याविषयी हळहळणेही कठीण झाले.

त्या ८ सप्टेंबरबद्दल मला जरा जास्त बोलायचे आहे. ४ × १०० मीटरच्या रिलेत संयुक्त जर्मन संघाकडून (चौघेही पश्चिम जर्मनीचे) बर्न्ड कुलमन, आर्मिन हारी, वाल्टर मालेनडॉर्फ आणि शेवटच्या टप्प्याला लाउअर असा क्रम होता. हारी नुकताच १०० मीटरचा विजेता ठरलेला. अमेरिकेकडून पहिला फ्रँक बड, दुसरा रे नॉर्टन, तिसरा स्टोन जॉन्सन आणि शेवटी डेव्ह सिमे, ज्याने १०० मीटरचे सुवर्ण हारीपुढे अगदी थोडक्यात गमावले होते. नॉर्टनला १०० आणि २०० या दोन्ही शर्यतींत सहावा क्रमांक मिळाला होता. त्याच्या मनावर केवढे ओझे असेल याचा अंदाज करता येतो. बड येण्याआधीच तो सुटला आणि बॅटन त्याच्या हाती पडले तेव्हा बॅटन बदलण्यासाठी आखलेली वीस मीटरची पट्टी मागे राहिली होती. शेवटच्या टप्प्यात सिमेने लाउअरला मागे टाकून रेषा आधी ओलांडली. अमेरिकेची वेळ ३९.४, जर्मनीची ३९.५. मग पंचांनी अमेरिकेला बाद ठरवले आणि सुवर्ण जर्मनीला मिळाले, विश्वविक्रमाच्या बरोबरीसह.

म्हणजे ज्या धावपटूला अडथळे ओलांडण्यासाठी जग ओळखत होते, तो अडथळे नसलेल्या शर्यतीत, आपल्यापुढे रेषा ओलांडणाऱ्या माणसाला पाहून, विजेता ठरला. त्या निकालाची वाट पाहताना त्याच्या मनात काय चालले असेल ते मी सांगू शकत नाही, आणि जे सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

‘भेट मिळालेले सुवर्ण’ हे शब्द मात्र मला सहन होत नाहीत. रिले ही चार माणसांची नसून बॅटनची शर्यत असते. पालखीचा खांदा बदलताना ती खाली टेकली तर वाहणारे कितीही दणकट असले तरी कोणी शाबासकी देत नाही. जर्मनांनी तिन्ही बदल पट्टीच्या आत केले, अमेरिकनांनी केले नाहीत, आणि शर्यत म्हणतात ती हीच. इतके बोलून झाल्यावर मला हेही कबूल करावे लागते, की नॉर्टनच्या घाईमुळे अमेरिकेला फायदा झाला असे दिसत नाही. बहुधा वेळच गेला असावा, आणि तरीही ते पुढे होते. चौघे विरुद्ध चौघे अशी नुसत्या पायांची तुलना केली तर मी जर्मनांच्या बाजूने पैज लावणार नाही. ही दोन्ही विधाने मला खरी वाटतात. ती एकमेकांशी जुळवून द्या असे कोणी म्हटले तर ते मला येत नाही.

रोमनंतर लाउअरला दिलेल्या एका इंजेक्शनची सुई निर्जंतुक नव्हती. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. पाय वाचला, पण धावणे कायमचे संपले. रोममध्ये तो अवघा तेवीस वर्षांचा होता. पुढे तो गायक झाला आणि त्याच्या जर्मन गाण्यांच्या रेकॉर्ड लाखोंनी खपल्या, यावर काही जण नाक मुरडतात; त्यात नाक मुरडण्यासारखे काय आहे ते मला अजून समजलेले नाही. मिळालेले आयुष्य तो २०१९पर्यंत जगला.

तरुणपणी मी या सुईच्या आधारावर एक पूर्ण युक्तिवाद उभा केला होता. १९६४ मध्ये टोकियोला ११० मीटर अडथळ्यांचे सुवर्ण त्याच हेज जोन्सने १३.६ सेकंदांत जिंकले, लाउअरची सर्वोत्तम वेळ १३.२, तेव्हा पाय शाबूत असता तर ते पदक त्याचेच होते, असे मी ठासून सांगत असे. आज कोणी हे माझ्यासमोर म्हटले तर मी विचारतो, की चार वर्षांनी तो कसा धावला असता हे कशावरून ठरवायचे, आणि रोमच्या १४.०चे काय करायचे? पण लाउअर असता तर जोन्स टोकियोत जिंकायचा नव्हताच असे कोणी म्हटले की माझ्यातला तो तरुण पुन्हा मान वर काढतो, आणि कबूल करतो, मी त्याला गप्प करत नाही.